अंगणातली शाळा

जुहूच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गेले, म्हणजे ओल्या वाळूत शंख, शिंपले आणि गुळगुळीत खडे पडलेले दिसतात. हाच किनारा अनेक खाड्या ओलांडीत उत्तरेकडे जातो आणि डहाणूच्या पलीकडे बोर्डी नावाच्या गावास पोहोचतो. समुद्राने टाकून दिलेल्या अशाच साध्या वस्तू हाती घेऊन, लहान मुलांना सृष्टीचे ज्ञान देण्याची एक नवी रीत त्या गावी सुरू झाली. ती रीत घालून देणाऱ्या थोर विदुषी म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शिकवावे की नाही, ह्याविषयीच जेव्हा वाद चालत, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. परंतु संसारसुख त्यांना फार काळ लाभले नाही. १९२१ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या. मुलीच्या पालनाचा भार आता त्यांच्या एकटीवर आला. खचून न जाता त्यांनी राजकोट येथील स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद स्वीकारले.

त्या काळी शाळेत मुलांनी हाताची घडी घालून बसावे, सांगितलेले पाठ करावे आणि चुकल्यास छडी खावी, असा सर्वत्र प्रघात होता. भावनगर येथे मात्र गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली एक निराळेच बालमंदिर उघडले होते. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसोरी ह्यांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला होता. लहान मूल डोळ्यांनी, कानांनी आणि विशेषतः हातांनी जग ओळखते, असे माँटेसोरीबाईंचे मत होते. त्यांच्या बालगृहात लाकडी ठोकळ्यांत लहानमोठी भोके असत व त्यांत बसणाऱ्या तितक्याच लहानमोठ्या दट्ट्या असत. चुकीच्या भोकात दट्टी बसत नसे, अथवा सैल राही. आपले कोठे चुकले, हे मुलाला कोणी सांगावे लागत नसे. ते पुन्हा पुन्हा करून पाही आणि स्वतःच चूक दुरुस्त करी. निरखावे, अंदाज करावा, तो पडताळून पाहावा, ही जी शास्त्रज्ञांची वाट, तिच्यावरचे पहिले पाऊल मूल असे खेळता खेळता टाकी.

ह्या विचाराने ताराबाई भारून गेल्या. १९२३ साली मानाची जागा सोडून त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली त्यांनी मुंबईस दादर येथे शिशुविहार सुरू केला.

शिशुविहाराचा लौकिक वाढत गेला. पण ताराबाईंच्या मनाला एक रुखरुख लागून राहिली. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती. ती घेण्याची ऐपत शहरातील थोड्याच शाळांना होती. आणि देशातील बहुसंख्य मुले तर खेड्यांत वाढत होती. ज्ञान मिळविण्याची ही आनंदाची रीत पैसेवाल्यांच्या मुलांपुरतीच राहावी काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्या १९४५ साली बोर्डीस गेल्या. त्याच वर्षी बोरिवली येथील ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. ही तरुण शिक्षिका पुढे त्यांची आयुष्यभराची सहकारी झाली.

बोर्डीच्या बालवाडीत विकत आणलेल्या साधनांची जागा खडे, शिंपले, बिया, पाने, फुले आणि काड्या ह्यांनी घेतली. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले, की आकारांची तुलना होई. पानांचे ढीग करताना कोणते पान रुंद, कोणते निमुळते, कोणाची कडा कातरलेली, हे डोळ्यांत भरे. बिया मोजता मोजता गणित येई. साधन फुकटचे होते. पण त्यामागील विचार मात्र माँटेसोरीबाईंच्या ठोकळ्यांइतकाच काटेकोर होता.

तथापि, खरी कसोटी पुढेच होती. बालवाडी सर्वांसाठी उघडी असूनही दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकत नसत. आईबाप पोटासाठी मजुरीला जात. घरातील मोठे मूल धाकट्या भावंडाला सांभाळीत बसे. शिवाय, इतरांच्या मुलांत आपल्या मुलांना कोण बसू देईल, अशी शतकानुशतकांची भीती त्यांच्या मनात होती. बोलावूनही मुले येत नाहीत, तेव्हा दोष मुलांना द्यावयाचा की शाळेला? ताराबाईंनी तो शाळेला दिला. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. त्या आणि अनुताई वस्तीत जाऊन घराच्या अंगणातच मुलांना जमवू लागल्या. त्यांना आंघोळ घालावी, त्यांचे केस विंचरावे, मग गाणी, गोष्टी व खेळ घ्यावेत, असा क्रम सुरू झाला. हीच अंगणवाडी होय.

१९५७ साली, वयाची पासष्ट वर्षे झाली असताना, ताराबाईंनी आपले कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये नेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालू लागल्या. त्यामुळे धाकट्या भावंडाला घेऊन येणाऱ्या मुलीचेही शिक्षण सुटेनासे झाले. जी मुले गुरे राखण्यास जात, त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. गवत, पाखरे, ओढा आणि गुरे ह्यांच्या सान्निध्यातच तेथील मुलांचे शिक्षण होऊ लागले.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने लहान मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची देशव्यापी योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात अशा १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या एका वस्तीत, मूठभर मुलांसाठी, शाळेने स्वतःचा उंबरठा ओलांडला होता. तिची वाट आता गावोगावच्या अंगणांपर्यंत पोहोचली आहे.