शिक्षकाविना शिकल्या, विद्यापीठात शिकवू लागल्या: जॅझच्या मेरी लू विल्यम्स

गाणं-बजावणं वर्गात बसवून शिकवता येतं का, हा वाद आपल्याकडे जुना आहे. गुरूसमोर बसून, ऐकून ऐकून जे अंगात मुरतं ते फळ्यावर लिहून कसं मुरणार, असं म्हणणारे आजही भेटतात. अमेरिकेतल्या जॅझ संगीतातही हा वाद झाला. पियानोवादक आणि रचनाकार मेरी लू विल्यम्स यांच्या घरात तर तो त्यांच्या बालपणीच सुरू झाला होता.

८ मे १९१० रोजी अटलांटा शहरात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मेरी एल्फ्रीडा स्क्रग्ज. आई घरच्या पायपेटीवर वाजवायची आणि पोरीला मांडीवर घेऊन बसायची. तीन-चार वर्षांच्या मेरीने एक दिवस आईने वाजवलेली चाल स्वतःच्या बोटांनी वाजवून दाखवली. आई दचकलीच. पण तिने मुलीला शिक्षक लावला नाही. तिची स्वतःची अडचण अशी, की शिक्षकाकडे शिकल्यापासून समोर कागद असल्याशिवाय तिला काही वाजवता येत नव्हतं. मुलीचं तसं होऊ नये म्हणून तिने शिकवणीच टाळली. तिच्याऐवजी घरी वादक मंडळी यायची, वाजवायची आणि मेरी ऐकायची.

पुढे कुटुंब पिट्सबर्गच्या ईस्ट लिबर्टी भागात राहायला गेलं. तिथले गोरे शेजारी सुरुवातीला घरावर विटा फेकायचे. मुलगी पियानो वाजवते हे कळल्यावर त्यांच्यातलेच काही जण तिला घरी बोलवू लागले. पियानोवाली छोटी मुलगी म्हणून ती भागात ओळखली जाऊ लागली. सावत्र वडील फ्लेचर बर्ली यांनी घरात आपोआप वाजणारा पियानो आणला. त्यात कागदाची गुंडाळी घातली की पट्ट्या आपसूक खाली-वर व्हायच्या. त्या पट्ट्यांवर बोटं ठेवून ती जेम्स पी. जॉन्सनसारख्या वादकांचं वाजवणं शिकली. वडील तिला जुगाराच्या अड्ड्यांवरही न्यायचे. टोपी फिरवताना पहिला डॉलर स्वतः टाकायचे आणि घरी जाताना तो परत मागून घ्यायचे!

त्याच वयात तिने एका थिएटरमध्ये लवी ऑस्टिन या पियानोवादक बाईंना पाहिलं. डाव्या हाताने त्या चालू कार्यक्रमाची साथ करत होत्या आणि उजव्या हाताने पुढच्या कार्यक्रमाचं संगीत लिहीत होत्या. हे दृश्य मेरी लू जन्मभर विसरल्या नाहीत. बाईमाणूस असं काम करू शकतं, हे त्यांना पुस्तकातून नाही, डोळ्यांनी कळलं.

वेस्टिंगहाऊस हायस्कूल अर्ध्यावर सोडून त्या फिरत्या कार्यक्रमांत गेल्या. सॅक्सोफोनवादक जॉन विल्यम्स यांच्याशी लग्न झालं. १९२९ मध्ये जॉन अँडी कर्क यांच्या बँडमध्ये गेले, तेव्हा त्याही कॅन्सस सिटीत पोचल्या. सुरुवातीला त्या बँडच्या पगारी वादक नव्हत्या. गाडी चालवायच्या, अडीनडीला पियानोवर बसायच्या. १९३० मध्ये शिकागोत त्यांच्या एकल वादनाची रेकॉर्ड निघाली आणि मेरी लू हे नाव कायमचं झालं. पुढच्या वर्षी बँडमध्ये त्यांची जागा पक्की झाली.

आता आईच्या भीतीची दुसरी बाजू समोर आली. डोक्यात चाली भरपूर, कोणत्या वाद्याने काय वाजवायचं तेही स्वच्छ ऐकू यायचं, पण लिहिता येत नव्हतं. त्या वाजवून दाखवायच्या आणि कर्क लिहून घ्यायचे. असं किती दिवस चालणार? कर्क यांच्या बाजूला बसून, बघून बघून त्या स्वरलेखन शिकल्या. मग मात्र त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ‘वॉकिन अँड स्विंगिन’सारख्या रचनांनी कर्क यांच्या बँडला ओळख दिली. बेनी गुडमन यांच्यासाठी त्यांनी ‘रोल एम’ लिहिलं. टॉमी डॉर्सी, अर्ल हाइन्स, पुढे ड्यूक एलिंग्टन, सगळ्यांना त्यांचं लेखन हवं होतं.

आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तिथे बस्तान बसवलं. त्या काळात मुंबईच्या बँडांत गोव्याचे वादक भरलेले होते. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत शिकल्यामुळे ते स्वरलिपी झरझर वाचायचे. पण जॅझची लय कागदावर पूर्ण उतरत नाही. ती त्यांना रेकॉर्डी ऐकून आणि या पाहुण्यांच्या शेजारी बसून उचलावी लागली. गोव्याच्या वादकांकडे कागद होता, कान घडवायचा होता. मेरी लूंकडे कान होता, कागद मिळवायचा होता. दोघांनाही दुसरी बाजू शेजारी बसूनच मिळाली.

१९४२ मध्ये कर्क यांचा बँड सोडून मेरी लू न्यूयॉर्कला आल्या. हार्लेममधल्या हॅमिल्टन टेरेसवरचं त्यांचं घर म्हणजे एक बिनपाटीची शाळाच होती. थेलोनियस मंक, बड पॉवेल, टॅड डॅमरन, डिझी गिलेस्पी ही तरुण मंडळी रात्रीची कामं संपवून पहाटे तिथे यायची. जुन्या पिढीतले कितीतरी वादक या पोरांच्या नव्या बीबॉपवर नाक मुरडत होते. मेरी लूंनी दार उघडं ठेवलं, त्यांचं ऐकलं, त्यांना सांगितलं आणि त्यांच्याकडून स्वतःही घेतलं. १९४५ मध्ये बारा राशींवर रचलेली ‘झोडियाक सूट’ त्यांनी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये सादर केली.

१९५२ मध्ये त्या युरोपात गेल्या. १९५४ मध्ये पॅरिसमधल्या एका क्लबात वाजवता वाजवता उठल्या आणि वाजवणंच सोडून दिलं. मायदेशी परतल्यावर तासन्‌तास चर्चमध्ये बसायच्या. १९५७ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. व्यसनात अडकलेल्या वादकांना त्या घरी आणून सांभाळायच्या, त्यांच्या खर्चासाठी जुन्या वस्तूंचं दुकानही चालवलं. काही धर्मगुरूंनी आणि गिलेस्पी यांनी समजूत घातली, तेव्हा १९५७ च्या न्यूपोर्ट महोत्सवात त्या पुन्हा मंचावर आल्या. पुढे त्यांनी चर्चच्या उपासनेसाठी जॅझमध्ये रचना केल्या. ‘मेरी लूज मास’ १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये वाजवली गेली.

१९७७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाने त्यांना निवासी कलाकार म्हणून बोलावलं. हायस्कूल अर्धवट सोडलेली ही बाई वयाच्या ६७ व्या वर्षी विद्यापीठात शिकवायला उभी राहिली. ज्या विद्यापीठाने पदवी वर्गात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६३ मध्ये घेतले, ते हे विद्यापीठ. आयुष्यभर मानधनाच्या चणचणीत काढलेल्या मेरी लूंना इथे नियमित पगार मिळाला. डरॅममध्ये त्यांनी घरही घेतलं.

जॅझच्या इतिहासाचा वर्ग त्या फादर पीटर ओब्रायन यांच्यासोबत घ्यायच्या. हे फादर त्यांचे व्यवस्थापकही होते. ते बोलायचे आणि मेरी लू पियानोवर बसून तो तो काळ वाजवून दाखवायच्या. स्पिरिच्युअल, रॅगटाइम, ब्लूज, स्विंग, बीबॉप हे सगळे टप्पे त्या स्वतः वाजवत आल्या होत्या. त्यांनी जॅझच्या झाडाचं एक चित्रही काढून घेतलं होतं. त्या झाडाची मुळं गुलामगिरीच्या दुःखात होती, खोडातून ब्लूज वर चढत होता. सरावाची पुस्तकं आणि धंदेवाईक संगीत मात्र वठलेल्या फांद्यांवर होतं. झाडाला पुस्तकाने खत मिळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

मग विद्यापीठात त्या काय करत होत्या? आईने जे टाळलं तेच तर नव्हे? तसं नव्हतं. कागद आधी आला की कान मिटतो, ही आईची भीती त्यांना पटलेली होती. म्हणून त्यांनी क्रम बदलला. आधी ऐकायचं, मग तोंडाने म्हणायचं, मग वाजवायचं. वर्गात त्यांनी मुलांना गायला लावलं. विद्यापीठाच्या जॅझ वाद्यवृंदालाही त्या शिकवत होत्या. वर्गाला गर्दी व्हायची, कितीतरी मुलांना जागा मिळायची नाही.

त्याच काळात त्यांना कर्करोगाने गाठलं. तरी शिकवणं चालू होतं. वाद्यवृंदासाठी जॅझच्या इतिहासावरची एक मोठी रचना त्यांनी हाती घेतली होती, ती अपुरी राहिली. २८ मे १९८१ रोजी डरॅममध्ये त्यांचं निधन झालं. दफन पिट्सबर्गला झालं, जिथे शेजाऱ्यांनी आधी विटा फेकल्या आणि मग पियानो ऐकायला बोलावलं होतं.

जाण्याआधी, १९८० मध्ये, त्यांनी स्वतःच्या नावाची संस्था काढली आणि तिचा उद्देश लहान मुलांना जॅझ शिकवणं हा ठेवला. १९८३ मध्ये ड्यूक विद्यापीठात कृष्णवर्णीय संस्कृतीचं केंद्र उभं राहिलं, त्याला मेरी लू विल्यम्स यांचंच नाव आहे.