झारच्या दरबारातला वकील

इतिहास म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर निम्मी मंडळी पांघरूण डोक्यावर ओढतात. तरीही मित्रहो, मी आज तुम्हाला थेट सोळाव्या शतकात नेणार आहे, आणि तेही रशियात! माणूस मात्र इंग्रज. डॉ. जाइल्स फ्लेचर. ईटन आणि केंब्रिजला शिकलेला, कायद्याचा डॉक्टर, पार्लमेंटचा सभासद. १५८८ साली राणी एलिझाबेथने त्याला वकील म्हणून मॉस्कोला धाडलं. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, पेशवाईत परदरबारी असायचे तसा. (डिग्रीने तो कोर्टातलाही होता म्हणा!)

काम होतं मस्कोव्ही कंपनीच्या व्यापारी सवलती वाचवण्याचं. पण पहिल्याच भेटीत खटका उडाला. झारची पदवी भलतीच लांबलचक, एकेका प्रांताच्या नावासकट. छत्रपतींची गारद ऐकलेल्यांना थोडी कल्पना येईल. फ्लेचरने ती अर्ध्यावर आटोपली. झारचा कारभारी सगळ्यांसमक्ष ओरडला, पुढचंही म्हणा! एवढं परक्या माणसाच्या लक्षात राहत नाही, असं फ्लेचरने सांगून बघितलं. ऐकतो कोण? शेवटी दुभाष्याकडून सगळी पदवी म्हणवून घेतली, तेव्हाच दरबार शांत झाला. पुढे त्याच्या भेटवस्तूही परत केल्या, जवळजवळ नजरकैदेतच ठेवलं. तरी गडी काही सवलती पदरात पाडून १५८९ साली परतला.

आणि त्याने लिहायला घेतलं. रशियाचा भूगोल, राजघराणं, कर, फौज, तातारांच्या स्वाऱ्या, चर्च, हमामातून निघून उघड्या अंगाने गारठ्यात धावणारी माणसं... सगळं. सरकारी दारूच्या गुत्त्यांबद्दल वाचून तर मी थक्क झालो. माणूस अंगावरचा सदरा पिऊन टाकतोय, पण त्याला कोणी बाहेर बोलवायचं नाही. का? तर झारचा महसूल बुडतो!

खरी गोष्ट पुढेच आहे. इव्हान द टेरिबलने उमरावांना आपसात लावून दिलं, त्या द्वेषाचा एक दिवस भडका उडणार, असं फ्लेचरने स्वच्छ लिहिलं. गादीवर होता फ्योडोर, त्याला मूलबाळ नाही. धाकटा भाऊ दिमित्री लहान, त्याच्या जिवावर लोक टपलेत, हेही लिहिलं. पुस्तक छापलं १५९१ साली. त्याच वर्षी मे महिन्यात उग्लिच गावी दिमित्री गळ्याला जखम होऊन मेला. १५९८ साली फ्योडोर गेला, वंश संपला आणि देशभर यादवी माजली.

मग फ्लेचरचा सत्कार झाला असेल? छे! ज्या कंपनीसाठी तो गेला, तिनेच लॉर्ड बर्लीकडे अर्ज केला. झारला हे कळलं तर आपली तिथली माणसं आणि माल दोन्ही गेलं, म्हणून खटकणारे उतारे काढून यादीच दिली. पुस्तक दाबलं गेलं. आता, व्यापाऱ्यांची भीती खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. पण कंपनी बघून आल्यावर सीनियरचा रिपोर्ट उतरवून सगळं छान छान लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी हा माणूस एकदा वाचावाच.

फ्लेचरचे पुढचे दिवस वाईट गेले. भाऊ रिचर्ड लंडनचा बिशप, तो १५९६ साली कर्ज ठेवून वारला आणि निस्तरायची वेळ याच्यावर आली. १६०१ साली एसेक्सच्या बंडात संशयावरून अटकही झाली. १६११ साली तो लंडनला वारला, तेव्हा मॉस्कोत पोलंडची फौज ठाण मांडून होती.

हस्तलिखित प्रती मात्र केंब्रिज, ऑक्सफर्डला टिकल्या. १८४८ साली मॉस्को विद्यापीठातल्या इतिहास मंडळाने पुस्तकाचं रशियन भाषांतर आपल्या नियतकालिकात छापलं. सरकारने अंक जप्त केला आणि संपादक बोद्यान्स्कींची जागा गेली. फ्लेचरला जाऊन तेव्हा २३७ वर्षं झाली होती!