सदाफुलीची पाने आणि डॉ. रॉबर्ट नोबल

विहिरीच्या कठड्याशी, कुंपणाच्या कडेला, कधी तुळशीवृंदावनाच्या शेजारीही सदाफुलीचे रोप आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी असते. कोणी पाणी घालो वा न घालो, ते बारमास फुलते. या साध्या रोपातून कर्करोगावरील दोन अमोल औषधे निघाली. त्या शोधाचे मूळ पुरुष कॅनडातील डॉ. रॉबर्ट लेंग नोबल होत. त्यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

रॉबर्ट यांचा जन्म १९१० साली टोरांटो येथे झाला. वडील बंधू क्लार्क हेही पुढे डॉक्टर झाले. इन्सुलिनच्या शोधाच्या वेळी, १९२१ च्या उन्हाळ्यात, डॉ. बँटिंग यांच्या हाताखाली आधी कोणी काम करावे हे क्लार्क व त्यांचे सहाध्यायी बेस्ट यांनी नाणे उडवून ठरविले. कौल बेस्ट यांच्या बाजूने पडला आणि कीर्तीही तिकडेच गेली! रॉबर्ट यांनी टोरांटोस वैद्यकीची व इंग्लंडात डॉक्टरेटची पदवी मिळविली. इन्सुलिन शुद्ध करणारे डॉ. कॉलिप हे त्यांचे वरिष्ठ. त्यांच्याबरोबर ते ऑंटॅरिओ प्रांतातील लंडन या गावी (हे लंडन इंग्लंडातले नव्हे) विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आले.

१९५२ साली क्लार्क यांना जमैका बेटावरून एक पाकीट आले. आत सदाफुलीची पंचवीस पाने होती. तेथील डॉ. जॉन्स्टन यांचे मधुमेही रुग्ण इन्सुलिन न मिळाल्यास त्या पानांचा काढा घेत. क्लार्क यांनी ते पाकीट धाकट्या भावाकडे धाडले.

रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तातील साखर जराही उतरली नाही. मग अर्क शिरेतून टोचला, तर आठवड्याच्या आत उंदीर दगावू लागले व त्यांच्या अंगात जागोजाग गळवे आढळली. मधुमेहाच्या दृष्टीने प्रयोग फसला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत उत्तर जुळले नाही की मुले आकडा खोडून शेजाऱ्याच्या वहीतला उतरवून घेतात, आणि मीही अशा वह्यांवर निमूटपणे सही केली आहे. नोबल यांनी मात्र उंदीर का मेले हे शोधण्यास आरंभ केला. रक्त तपासता पांढऱ्या पेशी फार घटलेल्या दिसल्या. हाडांतील मज्जाच क्षीण झाली होती, त्यामुळे एरवी निरुपद्रवी ठरणाऱ्या जंतूंनी उंदरांचा बळी घेतला होता. पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ हेच तर रक्ताच्या कर्करोगाचे लक्षण! मग जे द्रव्य त्यांना मारते, तेच तेथे औषध का होऊ नये?

ते द्रव्य वेगळे काढणे महाकठीण होते. १९५४ साली डॉ. चार्ल्स बिअर हे रसायनज्ञ येऊन मिळाले आणि अर्काचे घटक एकेक करून निवडले जाऊ लागले. अखेर मिळालेले अल्कधर्मी द्रव्य, व्हिनब्लास्टीन, १९५८ साली न्यूयॉर्कच्या विद्वत्सभेत जाहीर झाले. त्याच सुमारास एली लिली ही अमेरिकन औषध कंपनीही सदाफुली पारखीत होती. तीही मधुमेहाचे औषध शोधावयास निघाली होती, आणि तिचाही अर्क कर्करोग झालेल्या उंदरांवर गुणकारी ठरला. तिच्या स्वोबोडा या शास्त्रज्ञाने व्हिनक्रिस्टीन हे दुसरे द्रव्य शोधले. पहिल्यास १९६१ त व दुसऱ्यास १९६३ त अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म तंतूंची एक चाती तयार होते. ही द्रव्ये ती चातीच बनू देत नाहीत, म्हणून पेशीचे विभाजन अर्ध्यावर थांबते. एक ग्रॅम व्हिनब्लास्टीनला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, यावरून बिअर यांच्या चिकाटीची कल्पना यावी.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीस सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. इतर औषधांबरोबर तिला व्हिनक्रिस्टीन टोचीत. आज ती महाविद्यालयात जाते. तिच्या वडिलांना मी दारची सदाफुली दाखविली, तेव्हा ते बराच वेळ रोपापाशी उभे राहिले.

तथापि आपल्यातील कित्येक मधुमेही रोज सकाळी हीच पाने चावून खातात, त्यांना कळकळीची विनंती आहे. नोबल यांच्या उंदरांचे काय झाले ते आठवा. ही पाने विषारी आहेत. मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शिरेतून दिले जाणारे औषध निराळे आणि मूठभर पाला निराळा.

१९६० साली नोबल व्हँकूव्हर येथील विद्यापीठाच्या कर्करोग संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. १९७५ साली निवृत्त झाल्यावरही त्यांचे प्रयोग थांबले नाहीत. १९९० च्या डिसेंबरात ते निवर्तले. जमैकातील ज्या रुग्णांच्या काढ्यापासून हे सारे सुरू झाले, त्यांची नावे मात्र कोठेच नोंदलेली नाहीत.