झाक कूस्तो

झाक कूस्तो यांचा जन्म 11 जून 1910 रोजी फ्रान्समध्ये झाला. नौदलातील या तरुणाला वैमानिक व्हायचे होते. पण मोटारीच्या अपघातात त्यांचे हात जबर जखमी झाले. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते समुद्रात पोहू लागले. एका मित्राने त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. समुद्राचा तळ दिसला आणि विमान मागेच राहिले.

पण थंडीचे काय? मुलांनो, पाणी अंगातील ऊब हवेपेक्षा कितीतरी लवकर ओढून घेते. अंगाला चरबी चोपडली, तरी ती धुऊन जाई. मग कूस्तो स्वतःच रबरी पोशाख तयार करू लागले.

1943 साली एमिल गान्याँ या इंजिनिअरबरोबर त्यांनी पाण्यात श्वास घेण्याचे यंत्र बनवले. ऐन हिवाळ्यात, मार्न नदीत त्याची चाचणी झाली. डोके खाली करताच हवा नीट येईना! झडपेची जागा बदलली, तेव्हा कुठे यंत्र चालले.

पुढे 1952 च्या सुमारास अमेरिकेत ह्यू ब्रॅडनर या शास्त्रज्ञाने निओप्रीन रबराचा पोशाख काढला. गंमत अशी, की त्यात पाणी शिरते! तो पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होतो आणि रबरातील वायूचे बारीक बुडबुडे ऊब धरून ठेवतात.

1972 साली कूस्तो कॅलिप्सो जहाजातून अंटार्क्टिकाला निघाले. तेथे त्यांचे साथी बर्फाखाली उतरले. 25 जून 1997 रोजी पॅरिसमध्ये कूस्तो यांचे निधन झाले.