हार्टली हॉलमधला पहिला आठवडा

बाबासाहेबांच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते पदव्यांच्या भाषेत. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-ॲट-लॉ. जयंतीच्या बॅनरवर ही अक्षरे ओळीने लागतात आणि आमची छाती फुगते. फुगावीच! पण पदवी हातात पडण्याच्या कितीतरी आधी एक बावीस वर्षांचा तरुण बोटीतून परक्या बंदरात उतरलेला असतो. त्याला त्या रात्री कुठे झोपायचे, काय खायचे, खिशातले पैसे किती दिवस पुरवायचे, याची चिंता असते. त्या तरुणाविषयी आपण फार कमी बोलतो. आज आमच्या वस्त्यांतली, तांड्यांवरची, पाड्यांवरची मुले-मुली शिष्यवृत्ती घेऊन परदेशी निघतात. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांच्या घरी पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. पण तिथे पोचल्यावरच्या पहिल्या पंधरा दिवसांत त्यांच्यावर काय गुजरते, ते घरी फोनवर कुणी सांगत नाही. म्हणून हा विषय.

भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले ते जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात. ते काय मागे ठेवून गेले होते, ते आधी पाहिले पाहिजे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. बडोद्याच्या नोकरीवर भीमराव नुकतेच रुजू झाले होते. वडील आजारी असल्याची तार आली, मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा बापलेकाची भेट झाली ती जेमतेम डोळ्यांची. ज्या बापाने डबक चाळीतल्या एकाच खोलीत मुलाला अभ्यासासाठी पहाटे दोनला उठवले, तो बाप मुलाचे परदेशगमन पाहायला राहिला नाही. परळच्या चाळीत रमाई होत्या आणि सात महिन्यांचा यशवंत होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले होते. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार ४ जून १९१३ रोजी झाला होता. म्हणजे शिक्षण फुकट नव्हते. पुढच्या दहा वर्षांचे आयुष्य तारण ठेवून ते मिळाले होते.

पहिला मुक्काम पडला कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात. तो जेमतेम आठवडाभर टिकला. कारण अगदी साधे आहे, आणि साधे आहे म्हणूनच आम्हाला ते महत्त्वाचे वाटते. जेवण मानवेना! पदार्थ नीट शिजवलेले नसत आणि बहुतेक गोमांसाचे असत, असे चरित्रकार नोंदवतात. रामजी सुभेदार कबीरपंथी, घरचे वळण काटेकोर. त्या घरातल्या मुलाच्या जिभेला ते कसे रुचावे? यात धर्माचा बाऊ शोधण्याचे कारण नाही. पुढे याच माणसाने १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचे नाते मुळापासून उलगडून दाखवले आणि शास्त्रीपंडितांची बोलती बंद केली. पण १९१३ च्या जुलैत प्रश्न शास्त्राचा नव्हता, पोटाचा होता. परक्या मुलखात पहिला बंड करते ते पोटच. आमच्या मुलांनी याची लाज बाळगू नये.

तिथून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. एकशे चौदाव्या रस्त्यावर, विद्यापीठाला लागूनच. तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत. आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे खोलीत सोबती मिळाले नवल भथेना. पारशी तरुण. ही मैत्री आयुष्यभर टिकली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, त्याची गरज पुढे पडणार आहे.

काही आठवड्यांत तीन जागा! आज एखादा मुलगा पहिल्या महिन्यात दोनदा खोली बदलतो तेव्हा नातेवाईक म्हणतात, याचे तिथे काही खरे दिसत नाही. त्यांना हे सांगावे.

आता त्या वसतिगृहातल्या जेवणाच्या टेबलाकडे पुन्हा एकदा पाहू. अन्न बेचव होते, पण टेबल? साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला गोणपाट घरून न्यावे लागे, तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिता येत नसे, तो हा मुलगा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातली पोरे धावत सुटली, तो हा मुलगा. एल्फिन्स्टन कॉलेजात मुल्लर नावाचे युरोपियन प्राध्यापक त्याला पुस्तके आणि कपडे देत, पण कॉलेजातला हॉटेलवाला मात्र त्याला चहा-पाणी देत नसे. कॉलेज तेच, माणसे दोन. तो मुलगा आता मांडीवर रुमाल पसरून चारचौघांच्या पंगतीला बसला होता. पाण्याचा ग्लास त्याच्या हाताने उचलला जात होता आणि कुणी उठून पळत नव्हते. कोलंबियातले जीवन त्यांना साक्षात्कारासारखे वाटले असे कीर लिहितात, ते काही तिथल्या इमारती बघून नव्हे. बावीस वर्षांत प्रथमच त्यांना माणसांत माणसासारखे बसता आले होते.

या मोकळेपणाचा परिणाम काय झाला? अगदी कुठल्याही तरुणावर होतो तोच. पहिले काही महिने हिंडण्याफिरण्यात, मित्रांच्या संगतीत, मौजेत गेले. हे सांगायला आपले काही वक्ते कचरतात. आम्हाला यात काही कमीपणा वाटत नाही. बावीस वर्षे कोंडलेल्या माणसाने दार उघडल्यावर चार दिवस वारा खाल्ला, एवढेच. मग एका रात्री उशिरा ते अंथरुणावर पडले असता घरची आठवण झाली, आपण कशासाठी आलो हा विचार आला आणि झोप उडाली. त्या रात्रीनंतर ते बदलले, असे चरित्रकार सांगतात. अठरा-अठरा तास अभ्यास सुरू झाला तो त्यानंतर. आम्हाला वाटते, आमच्या मुलांसमोर हे सांगितलेच पाहिजे. अठरा तासांचा महामानव जन्मतःच तयार होता असे सांगितले की मुलगा हताश होतो. आणि रामजी सुभेदारांच्या मुलाने स्वतःला असे आवरले, हे खरे तर जास्त मोठे आहे.

तरीही पहिल्या दिवसांत त्यांना घराचा आणि समाजाचा विसर पडला होता असे कुणी समजू नये. ऑगस्ट १९१३ च्या आरंभीच, म्हणजे न्यूयॉर्कला पोचून पुरता महिनाही झाला नव्हता तेव्हा, त्यांनी वडिलांच्या एका स्नेही जमादारांना पत्र लिहिले. विषय होता मुलींचे शिक्षण. मुलग्यांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल, हा त्या पत्राचा गाभा आहे. जेवण मानवत नाही, मुक्कामाचा ठिकाणा नाही, आणि हा तरुण साता समुद्रापलीकडून घरच्या लोकांना मुलींच्या शाळेचे सांगतो आहे! जोतीराव-सावित्रीमाईंचा वारसा म्हणजे दुसरे काय असते?

पैशांचे गणितही पाहण्यासारखे आहे. साडेअकरा पौंडांत राहणे, जेवणे, पुस्तके आणि परळला घरी पाठवायचे पैसे, हे सगळे बसवायचे होते. एक कप कॉफी, दोन मफिन, मांसाची किंवा माशाची एक बशी, यावर भागवायचे. त्यातून वाचलेले पैसे जात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. न्यूयॉर्कच्या मुक्कामात त्यांनी जवळपास दोन हजार जुनी पुस्तके जमवली. विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय तेव्हा घुमटाच्या लो लायब्ररीत होते. तीन वर्षांत त्यांनी घेतलेले अभ्यासक्रम मोजले तर आकडा साठावर जातो. त्यांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मनचा प्राथमिक असा एकेक. शिक्षक होते सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन, शॉटवेल, गोल्डनवायझर. लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते, त्यांनी राजकारणात ओढण्याचा प्रयत्न केला. बाबासाहेब अभ्यास सोडून गेले नाहीत.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आमच्यावर अमेरिकेची आरती ओवाळल्याचा आरोप होईल. ज्या १९१३ साली बाबासाहेबांना तिथे समतेचा अनुभव आला, त्याच साली अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळे बसवायला सुरुवात केली होती. कोलंबियाच्या टेकडीखालीच हार्लेम आहे, आणि त्याच वर्षांत तिथे काळ्यांची वस्ती वाढत होती. बाबासाहेबांना हा प्रश्न ठाऊक होता. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जासंबंधी विचारणा केली. तेव्हा अमेरिका समतेची भूमी होती असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेला बाबासाहेबांची जात वाचता येत नव्हती, एवढेच खरे.

आणि आज? आज ती वाचणारे तिथे पोचले आहेत. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातीसंस्थेवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला दिला आहे. केतकर, म्हणजे पुढे ज्ञानकोशकार झालेले, बाबासाहेबांच्या आधीच अमेरिकेत शिकून गेले होते. हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जात घेऊन जाईल आणि मग हा जगाचा प्रश्न होईल, हे भाकीत त्यांचे. ते खरे ठरायला फार काळ लागला नाही. २०१९ च्या डिसेंबरात ब्रँडाइस विद्यापीठाला भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख करावा लागला. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने तेच केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीय भेदभावावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक मात्र ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी फेटाळले. त्याविरुद्ध ओरडणारे कोण होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून आज परदेशी गेलेल्या आमच्या मुलीला पहिल्या आठवड्यात जो प्रश्न भेटतो, तो बाबासाहेबांना लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये भेटला नव्हता. चार भारतीय मुलींनी मिळून घर घ्यायचे ठरते, आणि मग गोड आवाजात विचारणा होते : आडनाव काय, गाव कुठले, घरी काय खाता. गोऱ्या घरमालकाला फक्त भाडे हवे असते. आडनावात रस असतो तो आपल्याच देशबांधवाला! त्यात शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर पडत नाही. वसतिगृहाची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, थंडीचे कपडे या सगळ्याला पैसे आधी लागतात आणि मंजुरीचा कागद फिरत असतो. आईने गळ्यातले मोडून दिलेले पैसे पहिल्या महिन्यातच संपले, असे सांगणारी मुले आम्हाला भेटतात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारला निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला होता. त्यातून काही विद्यार्थी परदेशी गेलेही. उपाशी राहून शिकण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाने तो पैसा मागितला होता. त्या परंपरेतल्या शिष्यवृत्त्या आज उशिराने वाटल्या जातात, याचा जाब कुणी विचारायचा?

बाबासाहेब जून १९१६ मध्ये लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून तिथला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले आणि करारानुसार बडोद्याला रुजू व्हावे लागले. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे. बडोद्याच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच ती परत आली. प्रश्न तोच, जो चार वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला होता : राहायचे कुठे? तिथे काही आठवड्यांत तीन दारे उघडली होती. इथे महाराजांच्या अधिकाऱ्याला एक खोली मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. एक हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. एक ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावे लागेल. बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

ज्या समाजातले काठीवाले बडोद्याला दारात आले, त्याच समाजातला नवल भथेना. अर्धवट राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करायचा होता. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून बाबासाहेबांनी काही पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, तरी पुरेनात. तेव्हा लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या या सोबत्याने पाच हजार रुपये उसने दिले, आणि जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीत चढले.