चीजांतील नावे आणि पंडित भातखंडे

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आमचे बालपण गेले. संध्याकाळी गाण्याच्या शिकवणीला जात असू, तेव्हा ‘सदारंग’ हा शब्द पुष्कळ चीजांत भेटे. सदा रंगलेला, असा काहीसा त्याचा अर्थ असावा, अशी आमची समजूत होती. ‘मम्मदसा’ हा शब्द तर आम्ही अर्थाची चौकशीही न करता म्हणत असू. पुष्कळ वर्षांनी उमगले की, सदारंग हे दिल्लीचे थोर बीनकार नियामतखाँ यांचे काव्यातील नाव, आणि मम्मदसा म्हणजे त्यांचा धनी, बादशहा महंमदशहा. इ. स. १७३७ मध्ये पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन थडकले ते याच बादशहाच्या अमदानीत. माळव्याचा कारभार नानासाहेब पेशव्यांकडे सोपविणारे १७४१ चे फर्मानही त्याचेच. त्या माळव्यात शिंदे-होळकर स्थिरावले, पुढे शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरास आली, आणि तिच्यामागून आमच्यासारखी मराठी घराणी. ज्याचे नाव आम्ही अजाणता आळवीत होतो, त्याच्या फर्मानाशी आमच्या येथील वस्तीचा धागा जुळलेला होता!

ही नावे आमच्यासारख्या सामान्य विद्यार्थ्याच्या हाती छापील अक्षरांत आली, ती प्रामुख्याने पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या परिश्रमांमुळे.

पंडितजींचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईस वाळकेश्वर येथे झाला. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८८५ मध्ये ते बी. ए. व १८८७ मध्ये एल्एल्. बी. झाले, आणि काही काळ कराचीस वकिलीही करून आले. परंतु जीव गुंतला होता तो गाण्यात. मुंबईतील गायन उत्तेजक मंडळीत ते विद्यार्थिदशेतच शिरले होते. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी धृपदे घेतली, खाँसाहेबांकडून ख्याल घेतले. १९०० मध्ये पत्नी निवर्तली आणि १९०३ मध्ये एकुलती कन्या. संसाराचा पाश असा तुटल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य संगीताला वाहिले.

त्या काळी चीज ही खाँसाहेबांची जिंदगी असे. घरातल्या मुलाला किंवा गंडाबंध शागिर्दाला ती मिळे, इतरांना नाही. ती कागदावर नसे. म्हातारा गवई गेला की त्याच्याबरोबर शेकडो चीजा जात. आणि ज्या उरत त्यांचेही शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून तोंडी जाऊन झिजत. कोठे राजाचे नाव पुसट होई, कोठे गावाचे. सूर टिकले आणि शब्द गेले, असे पुष्कळदा घडले आहे.

पंडितजी निघाले ते या गोष्टी गोळा करण्यासाठी. १९०४ मध्ये दक्षिणेत फिरून त्यांनी एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांची भेट घेतली. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, कलकत्ता. १९०८ मध्ये प्रयाग, काशी, मथुरा, जयपूर, बिकानेर. भेटेल त्या पंडिताला व गवयाला ते प्रश्न विचारीत. हा राग कोणत्या ग्रंथात आहे? कोणत्या स्वरांनी? एखादा गवई आपली परंपरा थेट नारदमुनींपर्यंत नेऊन भिडवू लागला की त्यांच्यातला वकील जागा होई. जयपुरास मनरंगाच्या घराण्यातील म्हणून प्रसिद्ध असलेल्या महंमद अलीखाँ यांच्याकडून त्यांना ख्यालांचा मोठा साठा लाभला. रामपुरास वजीरखाँ यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. मात्र आपल्या ग्रंथांत त्यांनी खाँसाहेबांच्या अज्ञानावर जी टीका केली आहे, ती आम्हांस ठिकठिकाणी कठोर वाटते. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीच हे धन एवढा काळ गळ्यात सांभाळले होते.

‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत अठराशेच्या घरात चीजा स्वरलिपीसह प्रसिद्ध झाल्या. मींड आणि गमक कागदावर उतरत नाहीत, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खराच आहे. परंतु शब्द उतरले. ते वाचता वाचता गाणाऱ्याला कोठे सदारंग भेटतो, कोठे अदारंग, कोठे एखादा राजा.

अशा नावावर डोळे मिटून विश्वास ठेवणे मात्र बरे नव्हे. आमच्या किल्ल्यावर मानमंदिर बांधणारा राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६–१५१६) हा धृपदाचा मोठा पोशिंदा. नायक बक्षू त्याच्याच दरबारचा. पुढे शंभरांहून अधिक वर्षांनी शहाजहानसाठी बक्षूची सुमारे हजार धृपदे एकत्र करण्यात आली, तेव्हा पदांतील जुन्या आश्रयदात्यांची नावे काढून तेथे शहाजहानचे नाव घालण्यात आले. राजा मानसिंह आपल्याच गाण्यांतून असा बाहेर गेला. इतिहासाची ही लबाडी गाण्याच्या कानाला कळत नाही. जुने कागद चाळावे लागतात.

१९१६ मध्ये बडोद्यास श्रीमंत सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिचे सूत्रधार पंडितजीच. १९१८ मध्ये श्रीमंत माधवराव शिंदे यांनी ग्वाल्हेरास त्यांच्या पद्धतीने संगीत विद्यालय काढले. राजाभैया पूछवाले हे घराणेदार गवई पंडितजींकडून ती पद्धती शिकले व पुढे त्या विद्यालयाचे प्रमुख झाले. १९२६ मध्ये लखनौचे कॉलेज निघाले. आज ते पंडितजींच्याच नावाने विद्यापीठ म्हणून चालते. अखेरची वर्षे त्यांनी पक्षाघाताने अंथरुणावर काढली, आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

रागाची लक्षणे रागातच बांधून सांगणारी गीते पंडितजींनी स्वतः रचिली. त्यांत त्यांनी आपले नाव घातले आहे ते ‘चतुर’ असे. परवा शेजारच्या घरात एक मुलगी असे एक लक्षणगीत म्हणत होती. ‘चतुर’ म्हणजे कोण, असे आम्ही तिला विचारले. हुशार माणूस, असे तिने सांगितले आणि ती पुढे गाऊ लागली.