सुरांचे शिक्षक : पंडित विष्णू दिगंबर पलुसकर

पंडित विष्णू दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेले हे गाव त्या काळी एका लहान संस्थानाची राजधानी होते. त्यांचे वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. त्यामुळे अभंगांची चाल, टाळांचा नाद आणि मृदंगाचा ठेका अक्षरओळख होण्यापूर्वीच विष्णूच्या कानांवर पडू लागला. मूल आपली मातृभाषाही अशीच शिकते. आधी ते ऐकते, मग बोलते आणि वाचन त्यानंतर येते.

विष्णूचे शालेय शिक्षण चालू असतानाच त्याच्यावर मोठा आघात झाला. एका उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट त्याच्या चेहऱ्याजवळ झाला आणि त्याची दृष्टी अधू झाली. पुस्तकातील अक्षरे दिसेनाशी झाली व शाळा सुटली. उपचारांसाठी त्याला मिरजेला नेण्यात आले. तेथे त्याने गायन शिकावे असा सल्ला मिळाला. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने, ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणाऱ्या पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याचे शिक्षण सुरू झाले.

या शिक्षणाचे एकमेव साधन होते कान. गुरूंनी गावे, शिष्याने ऐकावे आणि तेच पुन्हा गळ्यातून काढावे, अशी ती पद्धत होती. नवख्या माणसाला शुद्ध ऋषभ कोणता आणि कोमल ऋषभ कोणता, हे सहसा ओळखता येत नाही. तंबोऱ्याच्या अखंड नादात तेच स्वर शेकडो वेळा ऐकल्यावर मात्र कान सूक्ष्म भेद टिपू लागतो. ऐकण्याची क्षमता जन्मतः लाभते, पण ऐकण्याची कला सरावानेच येते. विष्णूने अनेक वर्षे असा सराव केला आणि जी वाट डोळ्यांनी बंद केली होती, ती कानांनी खुली केली.

त्या काळी गायकाच्या कलेला दाद मिळत असे, परंतु गायकाला समाजात मान नसे. विद्या दरबारात आणि गुरूंच्या घरात बंदिस्त होती. तरुण विष्णू दिगंबरांना ही स्थिती मान्य नव्हती. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गावोगावी गायन करीत ते उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ही संस्था एखाद्या राजाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या मदतीवर उभी राहिली. तेथे ठरलेल्या वेळी वर्ग भरत, क्रमवार अभ्यासक्रम असे आणि परीक्षाही घेतल्या जात. स्वतः केवळ ऐकून शिकलेल्या पंडितजींनी विद्यार्थ्यांसाठी स्वरलेखनाची पद्धत तयार केली आणि क्रमिक पुस्तके छापली. ज्यांना घरी गुरू मिळणे शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत सूर पोहोचावेत, हा त्यांचा हेतू होता. निवडक शिष्यांना ते आश्रमात ठेवून शिक्षक म्हणून घडवीत.

सुराचा परिणाम केवळ एका श्रोत्यावर होत नाही, तो समुदायाच्या वर्तनावरही होतो, हे पंडितजींनी ओळखले होते. हजारो माणसे एका लयीत गाऊ लागली की त्यांचा श्वास आणि पाऊल जुळते व गर्दीला शिस्त येते. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत त्यांनी गायिलेले ‘वंदे मातरम्’ आणि त्यांनी लोकप्रिय केलेली रामधून यांतून हा प्रत्यय आला. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात प्रार्थनेचे गायन शिकवीत. १९३० सालच्या दांडीयात्रेत ते महात्मा गांधींबरोबर चालले.

१९०८ साली मुंबईत सुरू केलेल्या विद्यालयासाठी पंडितजींनी मोठी इमारत बांधली. तिच्यासाठी काढलेले कर्ज मात्र फिटले नाही आणि इमारत गमवावी लागली. पुढे ते नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले. त्यांची दृष्टी अखेरीस जवळजवळ पूर्ण गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

इमारत गेली, पण शिक्षक उरले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर आणि बा. र. देवधर या शिष्यांनी गुरूंचे कार्य पुढे नेले. १९३१ सालीच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. पंडितजींचे समकालीन विष्णू नारायण भातखंडे यांनीही संगीतशिक्षणाला शास्त्रशुद्ध बैठक दिली. या दोघांच्या परिश्रमांमुळे संगीत हा विद्यापीठात शिकण्याचा विषय ठरू शकला. छत्तीसगडमध्ये भिलाईहून फार दूर नसलेल्या खैरागड येथे १९५६ साली संगीत व कलांसाठी स्वतंत्र विद्यापीठच स्थापन झाले.

शाळा सुटली म्हणजे शिक्षण संपले, असे पंडितजींनी मानले नाही. जे साधन हाती उरले होते, त्याच साधनाने ते शिकले आणि पुढे इतरांसाठी त्यांनी शाळा उघडली.